साल्झकामरगूट: आई-वडिलांना घेऊन आल्प्समधील सरोवरांच्या प्रदेशात जायचे आहे, मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: भुसावळची लेक

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी आई-वडिलांना घेऊन ऑस्ट्रियातील साल्झकामरगूट या भागात जाण्याचे आमच्या घरी ठरले आहे. साल्झबर्ग शहराच्या पूर्वेला पसरलेला हा डोंगराळ मुलूख, त्यातील लहानमोठी सरोवरे, मिठाच्या खाणी आणि बाड इश्लसारखी स्नानाची गावे यांविषयी बरेच वाचले. परंतु जितके वाचावे तितका मुक्कामाचा प्रश्न अवघड होत चालला आहे, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

वडील भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झाले आहेत. गाडी, रूळ आणि इंजिन यांत त्यांचा जीव रमतो. त्यामुळे शाफबेर्ग नावाच्या डोंगरावर वाफेच्या इंजिनाची दातेरी रुळांवरची गाडी जाते हे कळल्यापासून त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. आईचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. थंडीच्या दिवसांत ती चोपडा तालुक्यातील उनपदेवाच्या गरम झऱ्यावर स्नानाला जाते, तिथून आल्यावर काही दिवस तिला बरे वाटते, आणि म्हणूनच परदेशातील स्नानाची गावे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहेत. सपाटीवर ती बऱ्यापैकी चालते, मात्र पायऱ्या आणि घाई या दोन गोष्टी तिला सोसत नाहीत.

जळगावात प्रवासी कंपन्यांकडे चौकशी केली. त्यांच्या कार्यक्रमात हालस्टाट गावी दोन तास थांबायचे आणि रात्री पुढचे शहर गाठायचे असे आहे. इतका खर्च करून बसच्या खिडकीतून सरोवरे पाहायची हे मनाला पटत नाही. पण ज्या मुलखाची भाषा येत नाही तिथे दोन वयस्कर माणसांना स्वतःच्या जबाबदारीवर फिरवायचे, याचेही दडपण आहे. मुक्काम एका ठिकाणी करावा की रोज सरोवर बदलावे, कोणता महिना धरावा, आईला तेथील स्नान मानवेल का, आणि अंडेही न खाणाऱ्या माणसाची जेवणाची सोय कशी होईल, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: पांझराकाठ, धुळे

ताई, नोकरीनिमित्त माझे लिंझ शहरात वास्तव्य होते आणि सुट्टी मिळाली की साल्झकामरगूटला जाणे हा आमच्या घरचा नेम होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुक्काम एकाच ठिकाणी करावा आणि ते ठिकाण बाड इश्ल असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हालस्टाटची छायाचित्रे पाहून अनेकांना तिथेच राहावेसे वाटते. पण ते गाव उभा कडा आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे, घरे एकावर एक रचल्यासारखी आहेत आणि मुख्य रस्ता सोडला की पायऱ्यांशिवाय वाट नाही. साडेसातशेच्या आसपास वस्तीच्या या गावात गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात, आणि त्या गर्दीला कंटाळून गावकऱ्यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये निदर्शनेही केली होती. याउलट बाड इश्ल हे ट्राउन आणि इश्ल या नद्यांच्या संगमावर सपाटीला वसलेले गाव आहे. नदीकाठाने झाडांच्या सावलीतला चालण्याचा रस्ता आहे, बसायला ठिकठिकाणी बाके आहेत, आणि मुख्य म्हणजे सार्वजनिक स्नानगृह रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे, त्यामुळे आपल्या आईंना कुठेही चढ चढावा लागणार नाही.

या गावाला महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मिठागरात काम करणाऱ्या मजुरांना खाऱ्या पाण्याच्या स्नानाने सांधेदुखीत आराम पडतो हे तेथील वैद्यांनी पाहिले, मग व्हिएन्नाचे धनिक येऊ लागले, आणि पुढे सम्राट फ्रान्झ जोसेफ याने आयुष्यभर आपले उन्हाळे इथेच काढले. त्याचा एलिझाबेथशी वाङ्‌निश्चय १८५३ मध्ये इथेच झाला आणि २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या घोषणेवर त्याने सही केली तीही येथील वाड्यातच. पहिले महायुद्ध ज्या मेजावरून सुरू झाले ती खोली आज पाहता येते. वडिलांना इतिहासाची आवड असेल तर अर्धा दिवस तिथे सहज जाईल.

बाड इश्लहून बाकीची सर्व सरोवरे दिवसभरात जाऊन येण्याजोगी आहेत. साल्झकामरगूटचा लोहमार्ग १८७७ मध्ये सुरू झाला. व्हिएन्ना-साल्झबर्ग या मुख्य मार्गावरील आटनांग-पुखहाइम जंक्शनपासून तो दक्षिणेकडे निघतो आणि ट्राउनझे सरोवराच्या काठाने, बोगद्यांतून, बाड इश्ल आणि हालस्टाटवरून पुढे बाड आउसझेकडे जातो. बहुतेक ठिकाणी रूळ एकेरी असल्याने गाडी क्रॉसिंगसाठी थांबते, आणि त्या थांब्यांचे वडिलांना काहीच वाटणार नाही, उलट ते खाली उतरून सिग्नल पाहतील. साल्झबर्गहून थेट बसही आहे. ती फुशलझे आणि वोल्फगांगझे या सरोवरांच्या काठाने सुमारे दीड तासात बाड इश्लला येते.

हालस्टाटला मात्र रेल्वेनेच जावे, कारण ते गाव प्रथम कसे दिसते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. स्थानक सरोवराच्या या तीरावर आणि गाव पलीकडच्या तीरावर आहे. गाडीतून उतरले की एक छोटी उताराची वाट थेट धक्क्यावर जाते, तिथे गाडीच्या वेळेला लागून एक लहान बोट उभी असते आणि तिकीट बोटीवरच काढायचे असते, म्हणून सुटे युरो जवळ ठेवावेत. बोट निघाली की आधी फक्त काळसर पाणी आणि त्यात उतरलेले डोंगर दिसतात. मग चर्चचा टोकदार मनोरा, मग लाकडी सज्जांची घरे, मग सज्जांवरची फुले, असे गाव हळूहळू जवळ येते. बसने जाणाऱ्याला वाहनतळावरून चालत गावात शिरावे लागते आणि हे दृश्य त्याच्या वाट्याला येत नाही. सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी धरावी, म्हणजे सहलींच्या बसगाड्या येण्यापूर्वी दोन-तीन तास निवांत मिळतात. परतीची शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते, तिची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.

मिठाच्या खाणीची फेरी आईंसाठी नको. वर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी उभ्या चढाची गाडी आहे, पण ती चालू आहे की नाही हे आधी पाहावे लागते, वरून खाणीच्या तोंडापर्यंत चालावे लागते, आत तापमान आठ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पायऱ्याही आहेत. आपण आणि वडील जा. त्या वेळात आई चौकातील एखाद्या कॉफीघरात किंवा संग्रहालयात बसू शकतील. हे संग्रहालय पाहण्यासारखे आहे. खाणीचा अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर याने १८४६ ते १८६३ या काळात येथील डोंगरउतारावर सुमारे ९८० प्राचीन दफने उकरली, आणि त्या वस्तूंवरूनच युरोपातील आरंभीच्या लोहयुगीन संस्कृतीला हालस्टाट संस्कृती हे नाव पडले. खाणीत सापडलेला एक लाकडी जिना इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला आहे. मिठामुळे लाकूड कुजले नाही.

पावसाचा दिवस आला तर आल्टआउसझे गावची मिठाची खाण राखून ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपभरातून लुटलेली हजारो चित्रे या खाणीत दडवली होती, त्यांत मायकेलअँजेलोची ब्रुजची मॅडोना ही मूर्ती आणि गेंटची प्रसिद्ध वेदीचित्रेही होती. युद्धाच्या अखेरीस खाण उडवून देण्यासाठी बॉम्ब भरलेल्या पेट्या आत ठेवण्यात आल्या, आणि १९४५ च्या मे महिन्यात त्या बाहेर काढून खाणीची तोंडे बंद करण्याच्या कामी तेथील कामगारांनी हात लावला, म्हणून तो ठेवा वाचला.

उत्तर: वैद्यकीय व्यवसाय, चोपडा

उनपदेवाचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण ते आमच्याच तालुक्यातले आहे आणि तिथे जाणारे सांधेदुखीचे अनेक रुग्ण माझ्याकडे येतात.

आपल्या आईंना आधीच सांगून ठेवावे की बाड इश्लचे पाणी उनपदेवासारखे जमिनीतून गरम येत नाही. तिथे डोंगराच्या पोटात मिठाचे थर आहेत. त्यांत गोडे पाणी सोडून ते खारट झाले की बाहेर काढतात, आणि तेच दाट खारे पाणी पातळ करून, तापवून स्नानाच्या कुंडात घेतात. अशा पाण्यात शरीर तरंगते, गुडघ्यांवरचा भार कमी होतो, उबेने स्नायू सैल पडतात, आणि त्यामुळे हालचाल सोपी वाटते. हा आराम खरा आहे, पण तो काही काळापुरता असतो. झिजलेला सांधा त्याने पूर्ववत होत नाही, एवढे समजून जावे.

रक्तदाब नियंत्रणात असेल तर कोमट खाऱ्या कुंडात दहा-पंधरा मिनिटे बसण्यास सहसा हरकत नसते, तरीही निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. गरम पाण्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि कुंडातून झटकन उठले की चक्कर येते. गोळी चालू असलेल्यांना ती अधिक येते. म्हणून कठड्याला धरून सावकाश बाहेर यावे, लगेच आडवे व्हावे, पाणी प्यावे, आणि जेवल्यावर लगोलग कुंडात उतरू नये. त्वचेवर जखम, ताप किंवा हृदयाचा अलीकडचा त्रास असेल तर स्नान टाळावे. अतिउष्ण वाफेच्या खोल्यांत त्यांनी जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी. ऑस्ट्रियातील स्नानगृहांत कुंडाचा भाग आणि सौनाचा, म्हणजे घाम काढणाऱ्या गरम खोल्यांचा भाग वेगळे असतात. कुंडात पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो, साडी किंवा सलवार-कुर्ता चालत नाही. सौनाच्या भागात मात्र स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसण्याचीच रीत आहे. त्यांच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, पण आपल्या आईंना ते अचानक समोर आले तर संकोच वाटेल. तिकीट घेताना फक्त कुंडाचेच घ्यावे. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण अंग झाकणारा पोशाख चालेल का, हे स्नानगृहाला आधी ई-मेल करून विचारावे, आणि कुंडात सर्वांसमवेत उतरणे नकोच वाटले तर खोलीत एकटीने टबात बसून घ्यायच्या खाऱ्या स्नानाची सोय आहे का हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

उत्तर: अमळनेरकर

मला येथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. माझ्या सासू-सासऱ्यांना आम्ही समूह सहलीने युरोपला पाठवले होते आणि ते समाधानाने परतले. रोज मराठी बोलणारा मार्गदर्शक बरोबर असतो, सामान कुणीतरी बसमध्ये चढवते, रात्री वरण-भात मिळतो, आणि आपल्या वयाची माणसे सोबत असल्यामुळे गप्पांत वेळ जातो. दोन तासांत हालस्टाट पाहून होत नाही हे मान्य, परंतु सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना एका गावात आठ दिवस राहण्यापेक्षा निरनिराळी ठिकाणे पाहण्याची हौस असते, आणि परत आल्यावर नातेवाइकांना पाच देशांची छायाचित्रे दाखवण्यातही त्यांना आनंद असतो. आपल्या आई-वडिलांचा स्वभाव कोणता, हे आपणच ठरवावे. सहलीनेच जायचे ठरले तर एवढे तरी पाहावे की साल्झकामरगूटमध्ये निदान दोन रात्रींचा मुक्काम आहे, नुसता थांबा नाही.

उत्तर: भूगोल शिक्षक, नंदुरबार

वरील चर्चेत सर्व काही आले, पण तो प्रदेश असा का आहे हे थोडे समजून गेले तर पाहण्याची गोडी वाढते, म्हणून चार शब्द लिहितो.

आपला सातपुडा आणि सारे खानदेश बहुतांशी बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्यावर उभे आहे. साल्झकामरगूटचे डोंगर चुनखडकाचे आहेत, ते प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले आणि पुढे आल्प्स उंचावताना वर आले. त्यांच्याखाली त्याहूनही जुन्या, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे मीठ दबलेले आहे. नंतर हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्या या खोऱ्यांतून सरकल्या, त्यांनी खोरी खोल कोरली आणि बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठले. त्यामुळेच ही सरोवरे लांबट, अरुंद आणि आश्चर्यकारकरीत्या खोल आहेत; ग्मुंडेनजवळचे ट्राउनझे १९१ मीटर खोल आहे आणि ते ऑस्ट्रियातील सर्वांत खोल सरोवर मानले जाते, तर सुमारे ४६ चौरस किलोमीटरचे आटरझे हे पूर्णपणे ऑस्ट्रियाच्या हद्दीत असलेले सर्वांत मोठे.

मिठाने या प्रदेशाचा सगळा व्यवहार ठरवला. मीठ आटवण्यासाठी लाकूड लागे, हालस्टाटच्या आसपासचे लाकूड पुरेना, तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात खारे पाणीच एबेनझे गावापर्यंत नेण्याची सोय करण्यात आली. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या या नळमार्गासाठी १३,००० झाडांचे सोट आतून पोखरून एकाला एक जोडले गेले. त्या मार्गाच्या कडेने आजही पायवाट आहे आणि तिचे काही टप्पे बरेच सपाट आहेत. दरड कोसळून एखादा टप्पा बंद असू शकतो, तेव्हा स्थानिक पर्यटन कार्यालयात विचारूनच निघावे. १९९७ पासून हालस्टाट आणि डाखश्टाइन पर्वताचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि माझ्या मते त्या सन्मानाचा खरा मानकरी हा मिठाचा व्यवहारच आहे.

डाखश्टाइनचे शिखर २,९९५ मीटर उंच आहे. ओबरट्राउनहून केबलगाडीने क्रिपेनश्टाइनवर सुमारे २,१०० मीटरपर्यंत जाता येते. तोरणमाळच्या पठाराहून ही उंची बरीच अधिक आहे, त्यामुळे वर गेल्यावर आईंनी थोडे बसून मगच चालावे. तिथून पाच बोटांसारखा कड्याबाहेर काढलेला सज्जा आहे, त्याच्यावरून हालस्टाटचे सरोवर सरळ खाली दिसते. मधल्या स्थानकाजवळच्या बर्फाच्या गुहेत मात्र चढ आणि शेकडो पायऱ्या आहेत, ती आईंनी सोडावी.

महिन्याविषयी: आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाण्याचा मोह होतो, पण तेव्हा उंचावर अजून बर्फ असते आणि सर्व गाड्या सुरू झालेल्या नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊसही सर्वांत जास्त आणि गर्दीही. उत्तरेकडून येणारे ढग डोंगरांना अडतात आणि दोन-दोन दिवस संथ, एकसारखा पाऊस लागतो; बाड इश्लचा वार्षिक पाऊस जळगावच्या दुपटीच्या आसपास आहे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो. सकाळी सरोवरांवर धुके असते, ते दहाच्या सुमारास विरते, आणि दुपारचे ऊन सोसवणारे असते. जूनचा उत्तरार्धही चांगला, मात्र दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून डोंगरावरचे कार्यक्रम सकाळीच उरकावेत.

पुन्हा: भुसावळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. अमळनेरकरांचे म्हणणे मी आईसमोर वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की तिला पाच देश नकोत, एका नदीकाठी रोज सकाळी चालायला मिळाले तरी पुरे. वडिलांचा प्रश्नच नव्हता. म्हणून सप्टेंबर आणि बाड इश्ल हे नक्की केले आहे.

आता दोन शंका उरल्या. बाड गाश्टाइन हे गावही गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे असे दिसते; ते जोडून घ्यावे का? आणि शाफबेर्गच्या गाडीविषयी पांझराकाठदादांनी अजून काहीच लिहिले नाही, वडील वाट पाहत आहेत. व्हिसाचेही दोन शब्द सांगितले तर बरे होईल.

उत्तर: पांझराकाठ, धुळे

शाफबेर्ग मुद्दाम वेगळा ठेवला होता, कारण वडिलांसाठी तो सबंध सहलीचा गाभा ठरेल.

ही गाडी वोल्फगांगझे सरोवराच्या काठावरील सांक्ट वोल्फगांग गावातून सुटते. मार्ग १८९३ मध्ये सुरू झाला, लांबी सुमारे ५.८५ किलोमीटर, आणि तेवढ्यात ती जवळजवळ १,२०० मीटर वर चढते. चढ कमाल हजारास २५५, म्हणजे ढोबळमानाने चाराला एक. वडिलांना कसारा घाटाचा सदतीसाला एक हा चढ आणि तिथे गाडीला मागून लावावी लागणारी बँकर इंजिने पाठ असतील. त्यावरून हा आकडा किती मोठा आहे हे त्यांना वेगळे सांगायला नको. साध्या रुळांवर चाक इथे घसरलेच असते, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकून चढते. इंजिन नेहमी डब्याच्या खालच्या बाजूला असते आणि डबा वर ढकलते.

त्यांना एक गोष्ट जवळून पाहायला सांगा. पायथ्याच्या स्थानकात सपाटीवर उभे असलेले वाफेचे इंजिन पुढे झुकल्यासारखे, वाकडे दिसते, कारण बॉयलर चौकटीवर मुद्दाम तिरपा बसवलेला आहे. गाडी चढाला लागली की तोच बॉयलर जवळजवळ आडवा होतो, आतले पाणी समपातळीत राहते आणि भट्टीवरचा भाग कोरडा पडत नाही. लोको शेडमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली अक्कल क्षणात कळेल. आरंभीच्या काळातली कोळशाची इंजिने अजून जपलेली आहेत आणि काही विशेष फेऱ्यांना लावतात. रोजच्या फेऱ्यांसाठी १९९० च्या दशकात बांधलेली, तेलावर चालणारी वाफेची इंजिने आहेत, त्यांच्या जोडीला डिझेलची गाडीही असते. आरक्षण करताना कोणत्या फेरीला वाफेचे इंजिन आहे हे विचारूनच तिकीट घ्यावे, नाही तर वडिलांची निराशा होईल. जाण्याची आणि परतीची अशा दोन्ही वेळा आधी ठरवाव्या लागतात. हंगाम साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत असतो, त्यामुळे सप्टेंबर सोयीचा आहे. वर स्थानकापासून शिखरापर्यंत थोडा चढ आहे, पण आईंनी स्थानकाजवळ बसले तरी सरोवरे दिसतात. उत्तरेकडची बाजू सरळ तुटलेली आहे, तिथे कठड्यापासून दूरच राहावे.

सांक्ट वोल्फगांगला बाड इश्लहून बस आहे. परतताना मात्र शाफबेर्गच्या स्थानकासमोरूनच सुटणारी बोट घेऊन सांक्ट गिल्गेनपर्यंत जावे आणि तिथून बसने बाड इश्लला यावे. गावातील चर्चमध्ये मिखाएल पाखर या कलावंताने १४८१ मध्ये पूर्ण केलेली लाकडी वेदी आहे, ती चुकवू नये. वडिलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे साल्झबर्ग ते बाड इश्ल अशी नॅरोगेज गाडी १९५७ पर्यंत धावत होती. आपल्या पाचोरा-जामनेर गाडीविषयी त्यांना जे वाटते, तेच तेथील जुन्या लोकांना तिच्याविषयी वाटते, आणि मोंडझे गावी तिचे छोटे संग्रहालय जपले आहे.

बाड गाश्टाइन या वेळी नको. ते साल्झकामरगूटमध्ये नाही, दक्षिणेला दुसऱ्या खोऱ्यात आहे. झरे तिथे खरोखर गरम आहेत आणि गावाच्या मधोमध मोठा धबधबा कोसळतो, पण गाव कड्यावर उभे असल्यामुळे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायचे तर चढ किंवा लिफ्ट. शिवाय तेथील पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो आणि जुन्या बोगद्यातील उपचार ३७ ते ४१.५ अंश उष्णतेत, तपासणीनंतर देतात. रक्तदाब असलेल्या व्यक्तीने तो सहज म्हणून करण्याचा प्रकार नव्हे.

व्हिसा ऑस्ट्रियाचा काढावा, कारण जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, विमान जर्मनीतील म्युनिकला उतरले तरी. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा लागतो. आईंच्या रक्तदाबाची नोंद त्यात स्पष्ट करावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि बोटांच्या ठशांसाठी तिघांनाही व्हिसा केंद्रावर जावे लागेल, तेव्हा तिघांची वेळ एकाच दिवशी मिळेल असे पाहावे. मुंबईहून म्युनिकला थेट विमान असते आणि म्युनिकहून साल्झबर्ग रेल्वेने दोन तासांच्या आत येते; व्हिएन्नापेक्षा हा रस्ता मला जवळचा वाटतो.

उत्तर: जळगावची सुगरण

जेवणाचे कुणीच नीट सांगितले नाही, म्हणून मी लिहिते.

ताई, हॉटेलची खोली न घेता स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. तेथील उपाहारगृहांत शाकाहारी म्हणून जे मिळते त्यात अंडे बहुधा असतेच; चीज घातलेले नॉकर्ल, म्हणजे पिठाचे छोटे उकडलेले गोळे असोत, उकडीचे मोठे गोळे असोत किंवा सम्राटाच्या नावाचा श्मार्न, म्हणजे तुकडे केलेला गोड जाड घावन असो. सूप भाज्यांचे दिसले तरी त्याचे पाणी गोमांसाचे असू शकते. अंडे नको असे समजावत बसण्यापेक्षा वेगान पदार्थ मागावा, हा शब्द सगळीकडे कळतो आणि त्यात अंडे नसते. दही, दूध, ताक यांसाठी दुकाने आहेतच.

सामानात तूप, पेढे, खवा, पनीर काहीही घेऊ नये; युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. ताजी भाजी, कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आपल्या जळगावच्या केळ्याला मात्र या अटीतून सूट आहे, तेव्हा प्रवासात आईंसाठी चार केळी जवळ ठेवायला हरकत नाही. कळण्याचे पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पापड आणि मेतकूट न्यावे. पीठ घरच्या डब्यात न भरता छापील वेष्टनातले घेतले तर तपासणीत प्रश्न कमी येतात.

तेथील शेगड्या विजेच्या असतात आणि छताला धुराची घंटी असते. मिरचीची फोडणी खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर द्यावी. भरितासाठी वांगी मिळतात, मोठी काळी, आपल्या हिरव्या वांग्यांची चव त्यांना नाही. ज्वाळ नसल्यामुळे ती ओव्हनमध्ये वरच्या जाळीवर, मध्ये एकदा उलटून, साल सुरकुतेपर्यंत भाजावी लागतात. नळाचे पाणी डोंगरातून येते आणि ते थेट प्यायला उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत.

रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारीच दूध, भाजी आणि पाव भरून ठेवावा. परतीच्या दिवशी साल्झबर्गहून म्युनिकला जाताना जर्मन पोलीस गाडीत चढून पासपोर्ट पाहतात, म्हणून तिघांचे पासपोर्ट मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावेत, आणि विमानाची वेळ गाठताना त्या तपासणीसाठी निदान एक तास जास्तीचा धरावा.